मासे पाळा, पण शेजारचे!

संपादकांनी यंदा माझ्याकडे "काहीतरी हलकंफुलकं" मागितलं होतं. मी देतोय ते भांडण आहे. भांडण माशांवरून आहे, पण तळायच्या माशांवरून नाही, तेव्हा मालवणकडच्या मंडळींनी आत्ताच निराश व्हायला हरकत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पान उलटायचंय त्यांना उलटता येईल. न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या घरांत माशांची टाकी ठेवायची असेल, तर तिच्यात घरामागच्या ओढ्यातले मासे ठेवावेत. ते जमणार नसेल तर टाकीच ठेवू नये. आणि आनंदमेळ्यातला "रिंग टाका, गोल्डफिश जिंका" हा स्टॉल आपल्या मंडळाने बंद करावा.

आधी स्टॉलबद्दल. गेल्या वर्षी मुलांनी रिंगा टाकून प्लास्टिकच्या पिशवीतले गोल्डफिश जिंकले. पुढे या माशांचं काय होतं, असं मी कार्यकारिणीतल्या एका मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, "अरे, एवढासा तर मासा, मुलांना मजा येते!" येते ना. शनिवारी जिंकलेल्या माशाची मजा साधारण मंगळवारपर्यंत येते. गोल्डफिश हा कार्पचा जवळचा नातेवाईक. नीट सांभाळला तर फूटभर वाढतो आणि दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. त्याला आपण श्रीखंडाच्या भांड्याएवढ्या काचेच्या वाडग्यात टाकतो. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतो. मुरलेल्या टाकीत, फिल्टरमध्ये वाढलेले जीवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात आणि मग त्याचं बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट. पण हे जीवाणू पुरेसे वाढायला चार-सहा आठवडे लागतात. वाडग्यातल्या माशाकडे तेवढे दिवस नसतात. आई मायेने पाणी बदलते ते थेट नळाचं, म्हणजे वर क्लोरीनही आलं.

क्लोरीनचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या अगदी दाराशी घडलीय आणि आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. २८७ वरून उत्तरेला जाताना झाडांमागे जो मोठा जलाशय दिसतो, तो रॉकअवे नदी अडवून १९०४ साली जर्सी सिटीच्या पाण्यासाठी बांधला. पाणी पुरेसं शुद्ध नाही म्हणून खटला झाला, आणि डॉ. जॉन लील यांनी १९०८ च्या सप्टेंबरमध्ये त्या पाण्यात क्लोरीन मिसळायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या एखाद्या शहराच्या पाण्याला कायमस्वरूपी क्लोरीन देण्याचा हा पहिला प्रयोग. त्याने पुढे किती माणसं टायफॉइडपासून वाचली असतील याची गणती नाही. माणसांना तारणारा हा वायू माशांचे कल्ले मात्र जाळतो. म्हणून टाकीत पाणी भरताना क्लोरीन मारणाऱ्या औषधाचे थेंब घालावे लागतात, आणि ते औषध आपला स्टॉल पिशवीसोबत देत नाही.

हे झालं मरणाऱ्या माशांचं. जगतो त्याची कथा आणखी वाईट. मासा मोठा होतो, मुलांचा उत्साह संपतो, आणि मग एखाद्या रविवारी अख्खं कुटुंब पार्कमधल्या तळ्यावर जाऊन त्याला "मुक्त" करतं. वर थोडं पुण्यही लागतं. मिनेसोटात बर्न्सव्हिल नावाचं गाव आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात तिथल्या तळ्यात फुटबॉलएवढे गोल्डफिश सापडले आणि नगरपालिकेला लोकांना हात जोडून सांगावं लागलं, की बाबांनो, घरचे मासे तळ्यात सोडू नका. हे मासे तळ उकरून पाणी गढूळ करतात, पाणवनस्पती उपटतात, आणि तिथल्या मूळच्या माशांचं जगणं मुश्कील होतं.

याहून गाजलेलं प्रकरण मेरीलँडमधल्या क्रॉफ्टन गावचं, २००२ सालचं. ते आपल्याला जास्त कळेल, कारण त्यातला खलनायक आपल्या मरळीचा सख्खा चुलतभाऊ होता. एका गृहस्थाने आजारी बहिणीला सूप करून घालण्यासाठी न्यूयॉर्कच्या बाजारातून जिवंत स्नेकहेड आणले. ते येईपर्यंत बहीण बरी झाली. मासे घरच्या टाकीत राहिले, वाढले, टाकीत मावेनात, आणि गेले गावच्या तळ्यात. तळ्यात त्यांना पिल्लं झाली. शेवटी सरकारने विष घालून अख्खं तळं रिकामं केलं. त्याच वर्षी केंद्र सरकारने मरळीच्या सगळ्या गोतावळ्याच्या आयातीवर आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर बंदी घातली. भंडारा-गोंदियाकडची मंडळी ज्या माशाच्या आठवणीने व्याकूळ होतात, तो इथे जिवंत आणणं गुन्हा आहे, त्याचं मूळ एका घरगुती टाकीत आणि एका भल्या माणसाच्या दयेत आहे.

आता दुसऱ्या प्रकारच्या टाकीकडे वळू. ती फॅमिली रूमच्या ईशान्य कोपऱ्यात असते. तिच्यात मोजून नऊ मासे, आठ सोनेरी आणि एक काळा. काळा मासा घरातली पीडा स्वतःवर घेतो म्हणे. तो मेला की यजमान दुःखी होत नाहीत, उलट एक संकट टळलं म्हणून रूट ४६ वरच्या दुकानातून नवा काळा मासा येतो. वास्तुशास्त्रावर मला वाद घालायचा नाही, त्या विषयावर आमच्या घरातच दोन पक्ष आहेत. पण ज्या प्राण्याचं कामच मरणं आहे, त्याला पाळीव म्हणू नये एवढीच विनंती.

आणि तिसरी टाकी, हौशी सुशिक्षितांची. तिच्यात अठ्ठ्याहत्तर डिग्री पाणी, हीटर, जांभळा दिवा, निऑन, एंजल, आणि खर्चाची तयारी असेल तर तांबड्या रेघेचा देखणा टॉर्पेडो बार्ब. हा बार्ब कुठला, हे त्या घरात मी विचारतो तेव्हा "साउथ अमेरिका असेल" असं उत्तर मिळतं. तो आपल्या सह्याद्रीतला आहे! केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या डोंगरी नद्यांत राहतो, केरळात त्याला 'मिस केरला' म्हणतात. शोभेच्या माशांच्या व्यापारासाठी त्याला वर्षानुवर्षं इतका पकडला, की आययूसीएनच्या यादीत तो आता धोक्यात आलेला म्हणून नोंदला गेलाय. २०१३ साली संशोधकांनी त्याला नवं कुळनाव दिलं, 'सह्याद्रिया'. त्या चौघा संशोधकांत पुण्याचे नीलेश डहाणूकर होते. म्हणजे आपण सह्याद्री सोडून इथे आलो आणि सह्याद्रीतला मासा डॉलर मोजून इथे आणवला, तोही न ओळखता.

एवढं सगळं करताना आपल्या घरांखालून काय वाहतंय, याचा आपल्याला पत्ता नसतो. पार्सिपनीच्या एका अंगाने रॉकअवे नदी जाते, दुसऱ्या अंगाने व्हिपनी. दोघी पाइन ब्रुकजवळ भेटतात आणि पसेइकला मिळतात. मध्ये ट्रॉय मेडोजची दलदल पसरलेली आहे. हिमयुगाच्या शेवटी इथे एक प्रचंड हिमसरोवर होतं, त्याच्या तळाचा हा उरलेला ओला तुकडा. १९६७ साली केंद्र सरकारने त्याला राष्ट्रीय नैसर्गिक वारसा म्हणून मान्यता दिली. आपण मात्र या नद्यांना ओळखतो ते बेसमेंटमध्ये पाणी शिरल्यावर. २०११ च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळाने लेक हायवाथाच्या बाजूला घरं बुडवली, तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा कळलं, की आपल्या गावाला नदी आहे.

या पाण्यात मासे आहेत. भरपूर आहेत आणि सुंदर आहेत. माझ्या बेसमेंटमध्ये वीस गॅलनची लांबट टाकी आहे, तीस इंच लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. तिच्यात सध्या पाच ब्लॅकनोज डेस आणि दोन टेसेलेटेड डार्टर आहेत. डेस बोटाएवढा. नाकापासून डोळ्यातून थेट शेपटीपर्यंत काजळाची एकच रेघ, आणि वसंतात नरांच्या अंगावर गंजासारखा तांबूस पट्टा चढतो. दिवसभर हे पाच जण पंपाच्या धारेत तोंड घालून जागच्या जागी पोहत असतात. धार बंद केली की कावरेबावरे होतात.

डार्टर हा तर वेगळाच जीव. त्याच्या पोटात हवेची पिशवी नसते, त्यामुळे तो तरंगत नाही. पुढच्या परांवर रेलून दगडावर बसतो, मान वळवल्यासारखं करून आपल्याकडे बघतो आणि झटक्यात दुसऱ्या दगडावर जातो. माझी मुलगी त्याला 'सरडा' म्हणते. या माशाची मादी दगडाच्या खालच्या बाजूला अंडी चिकटवते आणि मग नर तिथे पहारा देतो, परांनी अंडी पुसून स्वच्छ ठेवतो. दांडगे नर बरेचदा एक घरटं सोडून दुसरीकडे जातात, आणि त्यांची अंडी एखादा लहानखुरा नर सांभाळत बसतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे न्यू जर्सीच्या वायव्येकडच्या काही नद्यांत ड्वार्फ वेजमसल नावाचा एक छोटा शिंपला आहे, केंद्र सरकारच्या यादीत नामशेष होण्याच्या मार्गावरचा. त्याची पिल्लं काही आठवडे डार्टरसारख्या माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात आणि मग गळून तळाशी रुजतात. मासा गेला की शिंपलाही गेला. हे सगळं कळायला ॲमेझॉनला जावं लागत नाही, गुडघाभर पाण्यात उभं राहावं लागतं.

टाकी थंड ठेवायची, हीच यातली मुख्य अट आहे, आणि आपल्या बेसमेंटना ती आयतीच जमते. हीटर नाही. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो. पन्नास डिग्री फॅरनहाइटला लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम, सत्त्याहत्तरला जेमतेम ८. ओढ्यातल्या खळाळत्या पाण्यातल्या माशांना तो फरक लगेच जाणवतो. म्हणून पंप मोठा, झाकण जाळीचं (डेस उडी मारतात), तळाला ओढ्यासारखे गोटे, आणि मासे कमी. टाकी आधी महिनाभर मुरवायची. डार्टर सुरुवातीला सुकं खाणं ओळखतच नाहीत, त्यांना गोठवलेल्या अळ्या लागतात. त्या फ्रीझरमध्ये कुल्फीशेजारी ठेवण्यावरून घरात काय बोलणी होतात, ते इथे लिहीत नाही.

आता आक्षेप. पहिला, आणि सगळ्यात वजनदार, माझ्याच एका मित्राचा. तो म्हणतो, "मुक्त माशाला पकडून काचेत कोंडायचं, आणि वर निसर्गप्रेमाच्या गप्पा मारायच्या?" कोंडणं ते कोंडणंच, त्याला मी गोड नाव देणार नाही. पण दुकानातला मासाही कुठून तरी आलेला असतो. त्याच्या प्रवासात पिशव्यांत मेलेले मासे आपल्याला दिसत नाहीत, म्हणून आपला हात स्वच्छ राहत नाही. ओढ्यातला मासा आपण स्वतः पकडतो, किती पकडले ते मोजतो, आणि उरलेल्यांसाठी तो ओढा वाहता राहावा, असं आपल्याला त्या दिवसापासून वाटायला लागतं. अट इतकीच की जी जात तिथे शेकड्यांनी आहे, तिचेच चार-सहा घ्यायचे. ब्रुक ट्राउट हा राज्याचा मासा, त्याला घरात आणायचं नाही. दक्षिण जर्सीच्या पाइनलँड्समधला काळ्या पट्ट्यांचा सनफिश कितीही देखणा असला, तरी त्याच्या मागे लागायचं नाही. जर्मनीतले हौशी लोक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तो पाळताहेत, त्यांची हौस त्यांना लखलाभ. आणि एकदा घरी आणलेला मासा पुन्हा ओढ्यात सोडायचा नाही, कारण टाकीतला रोग त्याच्याबरोबर जातो. तो त्याचं आयुष्य, डेसचं तीन-चार वर्षांचं, तुमच्याकडे काढणार. हे पटत नसेल तर बादलीत पाहून तिथेच सोडून द्या, मला तेही चालेल.

दुसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो आपल्या लोकांना फार भिववतो. ग्रीन कार्डच्या रांगेतला माणूस ओढ्यात जाळं घेऊन उभा राहायला घाबरतो, हे मी समजू शकतो. पण नियम स्पष्ट आहेत. सोळा वर्षांवरच्या माणसाला गोड्या पाण्यात मासे पकडायला राज्याचं फिशिंग लायसन्स लागतं. जाळ्याचा आणि सापळ्याचा आकार ठरलेला आहे, ट्राउट सोडलेल्या पाण्याचे नियम वेगळे आहेत, पार्कच्या आणि खासगी जागेत आधी परवानगी घ्यायची. राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याला फोन केला की माणूस नीट उत्तर देतो. एच-वनचा फॉर्म भरलेल्याला हे अवघड नाही.

तिसरा आक्षेप गेल्या दिवाळीत एका ज्येष्ठ काकांनी घेतला आणि तो मला लागला. ते म्हणाले, "इथल्या मूळच्यांचेच गोडवे गायचे आणि बाहेरून आलेले वाईट म्हणायचं, तर मग आपण कोण?" टाळ्या पडल्या. पण काका, मासा व्हिसा घेऊन येत नाही. गोल्डफिशला तळ्याचे नियम शिकता येत नाहीत, आपल्याला येतात. आणि उपरा असणं हा कुणा जातीचा दोष नसतोच. इथला पम्पकिनसीड सनफिश लोकांनी शोभेसाठी युरोपात नेला, तिथे तो इतका फोफावला की २०१९ साली युरोपियन युनियनने त्याला उपद्रवी जातींच्या यादीत टाकलं. आपल्या ओढ्यात तो सज्जन, तिकडे गुंड. चूक सोडणाऱ्या हाताची. पुण्या-मुंबईच्या गटारांतला गप्पी आपण लहानपणापासून आपलाच समजतो, तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. डासांवर उपाय म्हणून गॅम्बुसिया १९२८ साली भारतात आणला, तिलापिया १९५२ साली. त्यांनी आपल्या नद्यांतल्या माशांचं काय केलं, हे मुळा-मुठेकाठच्या कुठल्याही जुन्या भोयाला विचारा.

मुळा-मुठेचं नाव घेतलं म्हणून सांगतो. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतल्या माशांची शास्त्रीय वर्णनं १८३९ साली लंडनला प्रसिद्ध केली. त्याने इथल्या लोकांना माशांची नावं विचारली आणि ऐकली तशी लॅटिन नावांत बसवली. कोळस, खुदरी, नुक्ता, फुलंगी, मुल्या! जगभरच्या शास्त्रज्ञांना आजही हेच शब्द वापरावे लागतात. परक्या मुलखात आलेल्या त्या माणसाने पहिली गोष्ट काय केली, तर इथल्या माशांना काय म्हणतात, ते विचारलं. तो राज्य करायला आलेला होता. आपण तर कायमचे राहायला आलोय, आणि आपल्या मुलांना पंचवीस वर्षांत एका माशाचं नाव सांगितलेलं नाही.

हे केवळ सामान्यज्ञानाचं प्रकरण असतं तर मी इतका आवाज चढवला नसता. १९५९ साली पोर्ट अथॉरिटीने आपल्याच मॉरिस काउंटीतल्या ग्रेट स्वॉम्पमध्ये प्रचंड विमानतळ करायचं जाहीर केलं. आसपासच्या लोकांनी पैसे गोळा केले, दलदलीची जमीन विकत घेतली, सरकारला दान दिली, आणि १९६४ साली ते अभयारण्य रीतसर अर्पण झालं. त्या लोकांना ती दलदल ओळखीची होती, म्हणून ते उभे राहिले. आज आपल्या टाउनशिपच्या प्लॅनिंग बोर्डासमोर ओढ्याकाठी पार्किंग लॉट किंवा गोदाम करायचा अर्ज आला, तर सुनावणीला आपल्यातले किती जण असतात? मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा मराठी आडनावाचा मी एकटा. पार्सिपनीत देशी माणसं कमी नाहीत, दर दुसऱ्या स्ट्रिप मॉलमध्ये डोसा मिळतो. मुलांच्या कॉलेजवर आणि घरांच्या किमतीवर आपण तासन्‌तास बोलतो. पाणी मुरायची जागा बुजवली की पुढच्या वादळात बेसमेंट कुणाचं भरणार, यावर कुणी बोलत नाही.

तर माझा प्रस्ताव असा. गोल्डफिशचा स्टॉल रद्द करावा आणि त्याऐवजी मे महिन्यात एका शनिवारी सकाळी मुलांना ओढ्यावर न्यावं. जागेची परवानगी मी काढतो. सामान थोडंच लागेल. गमबूट, एक पांढरी बादली, हातजाळी, आणि पाण्याखाली बघायला तळाला काच बसवलेला डबा, जो मी होम डेपोच्या सामानातून दहा डॉलरमध्ये केलाय. पकडलेले मासे बादलीत बघायचे, वहीत काढायचे, नावं लिहायची आणि तिथेच सोडायचे. नाष्ट्याला बटाटेवडे असतील. सोळा वर्षांखालच्या मुलांना लायसन्स लागत नाही. त्यांच्यामागून पाण्यात उतरून जाळं हातात घेण्याचा मोह होणाऱ्या बाबांना लागतं, त्यांनी ते आदल्या आठवड्यात काढून ठेवावं.